वाटाण्याएवढा पाहुणा

मासा म्हटला की आमच्या खानदेशात पहिला प्रश्न कालवणाचा. तापीचा की गिरणेचा, काटे कमी की जास्त, रस्सा करायचा की नुसता तळायचा. त्यामुळे जळगावच्या आमच्या घरी दोन फुटांची काचपेटी आली आणि तिच्यात वाटाण्याएवढे चार मासे फिरू लागले, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आधी विचारले, "हे मोठे कधी होणार?" होणार नाहीत, असे सांगितल्यावर त्यांचा निम्मा रस संपला. हा मासा ज्या कुळातला आहे त्यातल्या बऱ्याच माशांच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे जहाल विष असते आणि जपानात याच कुळातले मोठे मासे परवाना असलेला आचारीच कापतो, हे ऐकून उरलेला निम्माही संपला. "खाता येत नाही, मोठा होत नाही, मग पाळता कशाला?" गेली तीन वर्षे हा प्रश्न आम्हांला येता-जाता विचारला जातो. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हौशी लोक याला पी पफर म्हणतात, म्हणजे वाटाणा-फुगा. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्या वर्गातल्या मुलींनी त्याचे सरळ 'मटर' करून टाकले आणि आता घरातही तेच नाव चालते. अंग हिरवट-पिवळे, त्यावर काळपट ठिपके, पोट पांढरे. पूर्ण वाढला तरी इंचभर. बाकीचे मासे शेपटी हलवत पुढे जातात, हा हेलिकॉप्टरसारखा एका जागी तरंगतो. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवतो. आपण काचेसमोर बसलो की समोर येऊन, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखा, आपल्याला न्याहाळत उभा राहतो. तोंडात दातांच्या चार पट्ट्या असतात आणि त्या मिळून पोपटाच्या चोचीसारखे हत्यार तयार होते. गोगलगायीचे कवच फोडायला ते पुरते.

घाबरला की पाणी गिळून तो गोल फुगतो. आमच्याकडे येणारी मुले हे पाहण्यासाठी हट्ट धरतात आणि आमच्या घरात नेमकी त्यालाच सक्त मनाई आहे. फुगणे म्हणजे त्याची किंकाळी आहे. ती ऐकायची हौस कशाला? याच कारणाने त्याला जाळीने पाण्याबाहेर काढू नये. बाहेर फुगला तर पोटात हवा भरते आणि ती बाहेर टाकणे त्याला जमेलच असे नाही. पाण्यातच वाटी बुडवून पाण्यासकट उचलावा.

हा मासा मूळचा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा. जगात दुसरीकडे कुठे तो निसर्गात सापडत नाही. सुंदरलाल होरा आणि के. कृष्णन नायर यांनी १९४१ साली केरळच्या पंपा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले आणि त्रावणकोर संस्थानावरून त्याला नाव दिले. होरांचे नाव वाचले आणि आम्ही चमकलो. हे तेच होरा, ज्यांचा सातपुडा सिद्धांत प्राणिभूगोलात प्रसिद्ध आहे. जन्म १८९६ चा, पंजाबातल्या हाफिजाबादचा, जे आज पाकिस्तानात आहे. पुढे ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. मलेशियाकडच्या माशांचे भाईबंद मध्येच हजारो मैल सोडून थेट पश्चिम घाटात कसे सापडतात, हे त्यांना पडलेले कोडे. त्यांनी मांडले की एके काळी विंध्य-सातपुड्याच्या रांगा जास्त ओल्या होत्या आणि त्या वाटेने डोंगरी ओढ्यांतले मासे पूर्वेकडून सरकत सरकत सह्याद्रीपर्यंत पोहोचले. आजचे बहुतेक अभ्यासक हा सिद्धांत जसाच्या तसा मानत नाहीत आणि होरांचा तर्कही मुख्यतः ओढ्यांतल्या माशांवर उभा होता, आमच्या मटरवर नव्हे. पण योगायोग असा की मटरचे बहुतेक सख्खे-चुलत बोर्निओ, सुमात्रा, थायलंडकडे आहेत आणि तो स्वतः मात्र केरळात. यावल-रावेरकडे गेले की उत्तरेला निळी रेघ दिसते ती सातपुड्याची. आठवीच्या मुलींना ती रेघ दाखवून आम्ही हे सांगितले, तेव्हा एकीने विचारले, "मॅडम, मग आपल्या गावावरून गेला असेल का हा?" आम्ही म्हटले, त्याने गेल्याचा पुरावा नाही, पण प्रश्न पहिल्या नंबरचा आहे.

आमची आणि त्याची पहिली भेट मुंबईत झाली. एका लग्नाला गेलो होतो आणि मुलांच्या हट्टाने कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात शिरलो. प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या, त्यात रंगीबेरंगी मासे आणि एका कोपऱ्यात ही पिल्लासारखी दिसणारी, पोट खपाटीला गेलेली मंडळी. काय खातो, असे विचारले तर उत्तर आले, "सब खाता है." बी.एड.ला आम्हांला एक शिकवले होते : जो विद्यार्थी 'सगळे समजले' म्हणतो त्याला पुन्हा विचारावे. आम्ही पुन्हा विचारले. मग दुकानदाराने कोरड्या खाद्याची डबी पुढे केली. आम्ही मासा न घेता परतलो. घरी येऊन वाचायला लागलो आणि कळले की हा पक्का मांसाहारी. कोरडे दाणे समोर पडले तरी बहुधा बघून सोडून देतो आणि भुकेने झिजत जातो. खपाटीच्या पोटाचे एक कारण तेच. दुसरे कारण जंत. नदीतून पकडलेल्या माशांच्या पोटात ते बऱ्याचदा असतात. खाऊनही पोट भरत नाही, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी पडते. त्यावर औषधे आहेत, पण या माशाच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसल्यामुळे औषधाचा डोस जपून, जाणकाराला विचारूनच द्यावा लागतो.

वाचून झाल्यावर आम्ही काचपेटी आणली आणि पाच आठवडे ती माशांशिवाय चालवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वाळू घालून, वरून थोडी जागा मोकळी सोडून साधारण ५० लिटर पाणी. त्यात हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर, हायड्रिलाच्या काड्या, थोडे जावा मॉस. रोज चिमूटभर माशांचे खाद्य त्या रिकाम्या पाण्यात टाकायचे. गल्लीत बातमी पसरली की मॅडम पाणी पाळतात. मुलांच्या अब्बूंचे मित्र चहाला आले की पेटीकडे बघून विचारत, "मासे लाजाळू आहेत का?"

पण विज्ञान शिकवणाऱ्याला या पाच आठवड्यांसारखी चैन नाही. खाद्य कुजते, अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन विषे, तिसरे थोड्या प्रमाणात चालते. हे जिवाणू स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात आणि वस्ती पुरी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पुस्तकातले नायट्रोजनचे चक्र आम्ही दहा वर्षे फळ्यावर बाणांनी काढत आलो. इथे ते तपासणी किटच्या बाटलीत रंग बदलताना दिसत होते. एका मुलीने वहीत तक्ता केला : आधी अमोनिया चढला, मग उतरला. मग नायट्राइट चढले, मग तेही शून्यावर आले. ज्या दिवशी दोन्ही शून्य निघाले त्या दिवशी वर्गाने टाळ्या वाजवल्या. मासा अजून आलाच नव्हता.

आमच्या भागात हे सगळे आणखी नेटाने पाळावे लागते. त्याचे कारण सांगायला हवे. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी जड. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तो त्याचाच. असे पाणी बहुधा अल्कलीकडे झुकलेले असते. मटरला थोडे जड पाणी सोसते, त्याचे वाकडे नाही. पण पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे १० पट होतो आणि पाणी तापले की त्याहून वाढतो. केरळच्या सावलीतल्या मऊ पाण्यात जे निभावून जाईल ते जळगावच्या मे महिन्यात निभावत नाही.

आता पाण्याचा मुख्य विषय. आमचे सासर जळगावचे, माहेर धुळ्याचे. जळगावला वाघूर धरणाचे पाणी येते. धुळ्याला तापीचे आणि भोवतालच्या तलावांचे. दोन्ही शहरांत नळ रोज येत नाही आणि धुळ्याचे लोक तर दोन नळांमधले दिवस बोटांवर मोजतच मोठे होतात. आमचे लहानपण पिंप, हंडे, ड्रम यांच्या रांगेत गेले. नळ आला की अभ्यास बंद. अशा घरातून आलेल्या आम्हांला आठवड्याला बादलीभर पाणी माशांसाठी काढताना काही वाटत नव्हते असे कोणी समजू नये. पेटीतले पाव पाणी, म्हणजे बारा-तेरा लिटर, दर आठवड्याला बदलावे लागते, नाहीतर नायट्रेट साचत जाते. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात दारात उभे राहून विचारले, "ज्या घरात माणसं पाणी मोजून वापरतात, त्या घरात माशांना आंघोळ?" भाजीवाल्या मावशी अहिराणीत त्यांच्याही पुढे गेल्या, "मासाले इतलं पानी?"

सासूबाईंचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांचा हिशेब घरात चालतो आणि चालायलाच हवा. त्या वजूचे पाणीसुद्धा लोट्याने घेतात, नळ सोडून कधीच नाही. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही, हिशेब मांडला. गच्चीवर मोगरा, मेंदी, पुदिना, कढीपत्ता अशा कुंड्या होत्याच आणि त्यांना आठवड्याला बादली-दीड बादली ताजे पाणी जातच होते. आम्ही ती बादली आधी काचपेटीत ओतायला लागलो आणि पेटीतून काढलेली जुनी बादली कुंड्यांना. पाणी तेवढेच, फक्त मध्ये एक पाळी वाढली. शिवाय जुन्या पाण्यात नायट्रेट असते, म्हणजे फुकटचे खत. दोन महिन्यांत पुदिन्याने सासूबाईंचे मन वळवले. आमच्या बोलण्याने ते झाले नसते.

धुळ्याकडच्या माणसाला पाळीचे पाणी नवे नाही. पांझरेच्या काठी फड पद्धत शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्यातून पाट निघायचा, पाटकरी पाळी लावायचा आणि शेवटच्या शेतकऱ्यालाही त्याचा वाटा मिळायचा. आणखी एक गोष्ट या निमित्ताने लक्षात आली. विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत आले ते आपल्याच भागात आणि धुळ्याकडचे त्यांचे सुरुवातीचे काम होते पांझरेच्या एका पाटासाठी पाइपचा सायफन बांधण्याचे. काचपेटीतले पाणी आम्ही ज्या नळीने काढतो तीही सायफनच. मुलींना ही गोष्ट सांगितल्यापासून पाणी बदलायच्या कामाला वर्गात रांग लागते. नळी मात्र तोंडाने ओढायची नाही, पाण्यात बुडवून भरून घ्यायची.

साठवलेल्या पाण्याचा एक फायदा आम्हांला अनपेक्षितपणे मिळाला. नळाच्या पाण्यातला क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. मोठ्या शहरात लोक त्यासाठी औषध घालतात. जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणत तेच सोडियम थायोसल्फेट. आमच्याकडे पाणी उघड्या बादलीत दिवस-दीड दिवस ठेवले की साधा क्लोरिन उडून जातो आणि तेवढे थांबण्याची सवय आमच्या हाडांत आहे. तुरटीपासून मात्र सांभाळावे. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की घरोघरी तुरटी फिरते. ते पाणी पेटीत जाऊ नये. तुरटीने पीएच एकदम खाली येतो आणि तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम माशांना बाधते. आमच्या घरी माशांच्या बादलीला लाल दोरी बांधलेली आहे. त्या बादलीत तुरटी नाही, साबण नाही, फिनेलचा हात नाही.

उन्हाळा ही आमच्या भागाची खरी परीक्षा. मटरला २४ ते २८ अंश बरे वाटतात. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ हूनही थोडा कमी. आणि नेमके त्याच वेळी माशाचे शरीर जास्त प्राणवायू मागते. लोक बर्फ टाकायला सांगतात. बर्फाने पाणी झटक्यात थंड होते आणि तासाभराने पुन्हा तापते. हा झोका माशाला उष्णतेइतकाच वाईट. आमच्या हाताशी त्यापेक्षा चांगला उपाय होता आणि तो प्रत्येक घरातल्या माठात आहे. पाणी उडते तेव्हा उरलेले थंड होते. पेटीचे झाकण काढून जाळी लावली, काठावर छोटा पंखा बसवला. खानदेशची हवा कोरडी, त्यामुळे पंख्याने पाणी तीन-चार अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत एवढे उतरणार नाही. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीलगतच्या ओट्यावर, कूलरच्या वाटेत.

पण उडालेल्या पाण्याची भरपाई कशाने करायची, हेही पाहावे लागते. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. रोज लिटर-सव्वा लिटर उडाले आणि आपण रोज बोअरचे पाणी ओतत राहिलो तर महिन्याभरात पेटीतले पाणी जड होत जाते. त्यासाठी आम्ही पावसाळ्यात गच्चीवरचे, पहिले दोन पाऊस सोडून नंतरचे पाणी गाळून कॅनमध्ये भरून ठेवतो. ते संपले की पिण्याच्या फिल्टरचे. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप आहे. तो घरात एकच वस्तू अशी आहे की जिची बॅटरी कधीही संपलेली नसते. हिवाळा त्या मानाने सोपा. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा ५० वॉटचा हीटर लावला की झाले.

खाण्याबद्दल बोलताना थोडे थांबावे लागेल. पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते की मटरला डासांच्या अळ्या द्या, त्याला त्या फार आवडतात, शिवाय फुकट. तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण ज्या शहरात प्रत्येक घरी चार-पाच दिवसांचे पाणी साठवलेले असते, तिथे हा सल्ला आम्हांला पटला नाही. डेंग्यूचा एडिस डास घाणीत नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आम्ही पेटी मांडली त्याच पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी पंधरा दिवस शाळेत आली नाही. डेंग्यू. परत आली तेव्हा तिचा आवाज बाकाच्या पलीकडे पोहोचत नव्हता. माशासाठी म्हणून आपण अळ्या वाढवाव्यात, एखाद्या दिवशी पाहुणे यावेत, बादली राहून जावी आणि डास शेजारच्या घरात जावेत, हे आम्हांला करायचे नव्हते. ड्रममधल्या अळ्या काढून द्याव्यात तर सर्वेक्षणाला येणारे कर्मचारी ड्रममध्ये टेमेफॉस टाकून जातात. ते कीटकनाशक, म्हणजे ती वाटही बंद. गप्पी मासे वाटतात ते ठीक, ते त्याच कामासाठी आहेत. मात्र गप्पीला मटरच्या शेजारी ठेवू नये. त्याच्या झुबकेदार शेपटीचे मटर दोन दिवसांत दोरे करतो.

मग आम्ही गोगलगायी वाढवल्या. पाणवनस्पतींबरोबर बारीक गोगलगायी न बोलावता येतातच. त्या काचेच्या बरणीत टाकल्या, काकडीची चकती, उकडलेल्या पालकाचे देठ दिले की त्यांची प्रजा वाढते. तळ्यातल्या आणू नयेत, त्यांच्याबरोबर रोग येतात. दुसरे डॅफ्निया. गच्चीवरच्या हिरवट पाण्याच्या टबात ते वाढतात, पण टबावर मलमलचे कापड पक्के बांधलेले हवे, नाहीतर पुन्हा डासांचीच सोय. तिसरे, गोठवलेले ब्लडवर्म, मुंबईहून येणारे. त्यावर सासूबाईंची एक अट होती : बकरी ईदच्या आठवड्यात ते पाकीट फ्रीजरमध्ये दिसता कामा नये. अट रास्त होती. त्या आठवड्यात मासे गोगलगायींवर राहतात. खाणे दिवसातून एकदा, पोट थोडे गोल दिसेल इतकेच, उरलेले लगेच काढायचे. रमजानमध्ये धाकट्याने ते इफ्तारच्या वेळेवर आणून ठेवले आहे. अजान झाली की खजूर तोंडात टाकून तो पेटीकडे पळतो.

चारांतले दोन नर निघाले. लहानपणी फरक कळत नाही. वाढल्यावर नराच्या पोटाखाली काळपट रेघ उमटते, डोळ्यांमागे सुरकुत्या दिसतात, मादी गोल आणि ठिपकेदार राहते. इंचभराचा जीव, पण जागेवरून भांडण अगदी भाऊबंदकीसारखे. दाट झाडी लावली की एकमेकांना दिसत नाहीत आणि भांडण कमी होते, हे खरे. तरी ५० लिटरच्या पेटीत एक नर आणि दोन-तीन माद्या एवढेच बरे. दुसरा नर आम्ही शाळेत नेला. प्रयोगशाळेच्या खिडकीखाली, ऊन न लागेल अशा जागी, वीस लिटरच्या पेटीत तो एकटा राहतो. मुलींनी पाळ्या लावल्या आहेत. ज्या मुली वर्गात तोंड उघडत नाहीत त्या त्याच्याशी बोलतात. मे महिन्याच्या सुट्टीत तो पेटीसकट आमच्याकडे येतो.

सासूबाईंनी एकदा दुपारी, पेटीसमोर पुदिना निवडत बसलेल्या असताना, त्या मांजरीच्या बाईची हदीस काढली. मांजरीला कोंडून ठेवले, ना खायला दिले, ना मोकळे सोडले, त्यावरून तिला शिक्षा झाली, ती. म्हणाल्या, "कोंडलंय ना तुम्ही? मग त्यांचं सगळं तुमच्या गळ्यात." तेव्हापासून आम्ही गावाला जायचे असले तर मासे कोण पाहणार हे आधी त्याच ठरवतात.

त्यांच्या त्या वाक्याने आम्हांला दुसऱ्याच गोष्टीची टोचणी लागली. आमचे मासे पेटीत नीट आहेत, पण ते आले कुठून? बाजारात येणाऱ्या मटरपैकी पुष्कळ अजूनही नदीतून पकडलेले असतात. अभ्यासकांनी २००५ ते २०१२ या काळातल्या भारताच्या निर्यातीच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा धोक्यात आलेल्या जातींचे १५ लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे परदेशी गेलेले दिसले आणि त्यांत या इंचभराच्या माशाचा वाटा मोठा होता. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'असुरक्षित' या वर्गात आहे. निर्यातीबरोबर नद्यांतली वाळू, धरणे, कीटकनाशके हीही कारणे आहेतच. केळीच्या बागांना फवारणारा आमचा जिल्हा त्याबद्दल केरळला काही शिकवू शकत नाही. आम्ही ठरवले की यापुढे बाजारातून मटर विकत घ्यायचा नाही. घरात पिल्ले झाली तर त्यांतलेच वाढवायचे.

गेल्या श्रावणात मॉसमध्ये अंडी दिसली. मोहरीच्या दाण्याहून थोडी लहान, पारदर्शक. मोठे मासे ती खातात, म्हणून मॉसचा तो गुच्छ वाटीने उचलून वेगळ्या बरणीत ठेवला, बारीक हवा सोडली. पाच-सहा दिवसांत टिंबाएवढे जीव वाळूवर उड्या मारायला लागले. त्यांना पहिले काही दिवस दिसणारही नाही असे सूक्ष्म खाणे लागते. मॉसवर ते आपोआप असते, शिवाय केळीची वाळलेली साल पाण्यात भिजवून तयार होते. जळगावात केळीच्या सालीला काय तोटा! मग व्हिनेगरमधल्या बारीक अळ्या, मग डॅफ्नियाची पिल्ले. पंचवीस-तीस होती, त्यांतली नऊ राहिली. मोठी तीन आता अर्ध्या इंचाची झाली आहेत. बाजारातल्या दुकानवाल्या चाचांनी मागितली. आम्ही त्यांना आधी विचारले, काय खायला घालाल? त्यांनी कोरड्या डबीकडे हात नेला आणि मग आमच्या तोंडाकडे पाहून मागे घेतला. दिली नाहीत.

धुळ्याची आमची अम्मी एकटी राहते. अब्बांच्या इंतकालनंतर घरात आवाज नाही. तिला तीन पिल्ले न्यावीत असे मुलांच्या मनात आले. आम्ही गेल्या महिन्यात तिच्याकडे रिकामी पेटी मांडून आलो आणि आमच्या फिल्टरमधला एक जुना स्पंज ओल्या पिशवीत घालून एसटीने नेला, म्हणजे जिवाणूंची वस्ती तिकडे लवकर बसेल. एरंडोल, पारोळा करत अडीच-तीन तासांचा प्रवास. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी पिशवीत काय आहे ते विचारले. स्पंज, असे सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही. तपासणी किट अम्मीला वापरता येते. रंग वाचायला ती पोरांपेक्षा पक्की, आयुष्यभर शिवणकाम केले आहे. परवा फोनवर तिने सांगितले की दोन्ही बाटल्या पिवळ्या, म्हणजे शून्य, आणि मग थोडे थांबून विचारले, "आठवड्याला बादली एकच ना?"

आम्ही म्हटले, एकच.

"आणि ती नंतर मोगऱ्याला चालते?"

चालते.

"मग आणा."